टाचणीच्या वहीतलं डावं पान

तिसऱ्या दिवशी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शाईचं पेन काढलं, तिथून सगळं बिघडलं. किंवा जमलं म्हणा. सूड उगवायला निघालेल्या माणसाला त्या घडीला दोन्ही एकच वाटतं.

बाई म्हणजे मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बाई. चौदा पुस्तकं नावावर, शाळा मात्र नववीपर्यंतच. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात उभ्याउभ्या आणि वाचनालयात बसून शिकलेलं. सुट्टी लागली की त्याच वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या बारा दिवसांची लेखन कार्यशाळा घ्यायच्या. दहा ते तेरा वर्षांची वीस मुलं, तीन लांब टेबलं आणि मोठ्यांच्या मापाच्या खुर्च्या; त्यामुळे टेबलांखाली चाळीस पाय नुसते लोंबकळत असायचे.

त्यांची पद्धत अठरा वर्षांत बदललेली नव्हती. प्रत्येक मुलाला एक वही. उजव्या पानावर मुलाने लिहायचं, डावं पान बाईंचं. गोष्ट घरी लिहायची, सकाळी आल्या आल्या वही जमा करायची. मुलं सुट्या कागदांवर तासभर काहीबाही खरडत बसली की बाई वह्या वाचून डाव्या पानांवर दोन-चार ओळी लिहीत आणि निघताना वही परत देत. लिहीत त्या पेन्सिलीनेच. पहिल्या दिवशीच त्या मुलांना सांगून टाकायच्या की माझं म्हणणं पटलं नाही तर खुशाल खोडा, मला वाईट वाटणार नाही. वाईट वाटायचंच थोडं, पण ते सांगायचं नसतं.

टाचणी ही त्या वर्षीची. अकरा वर्षांची, काडीसारखी, बोलली की टोचणारी. नाव मुलांनीच ठेवलं आणि तिने ते खुशीत घेतलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकेक गोष्ट तोंडी सांगायची होती. टाचणीने त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टची सांगितली. तीन वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन शेजारणी लिफ्टमध्ये अडकतात, आणि पाऊण तास दोघी फक्त लिफ्टशी बोलतात. "लिफ्टबाई, काही लोकांना सांगा, घाम येतो तर अंघोळ करून निघावं." दुसरी म्हणते, "लिफ्टबाई, काही लोकांना सांगा, आमच्याकडे पाणी येतच नाही, वरचे लोक सगळं ओढून घेतात." मुलं टेबलावर डोकं टेकवून हसत होती. बाईंनी मनात म्हटलं, ही पोरगी आपल्याला पुरून उरणार.

दुसऱ्या दिवशी वही आली. अक्षर टाचणीचंच, गोल आणि घाईचं. मजकूर असा होता : "अरुणोदयाची रम्य वेळ होती. पक्षिगण मंजुळ किलबिल करीत होते. अशा मंगल प्रहरी उद्वाहनातून दोन सुस्वभावी गृहिणी मार्गक्रमण करीत होत्या." शेवटी त्या सुस्वभावी गृहिणींना ऐक्याचं महत्त्व पटलं होतं. बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, "काल सांगितलेली लिफ्ट कुठे गेली? ती जिवंत होती." तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. गोष्टीत आणखी चार विशेषणं वाढली होती आणि खाली त्याच गोल अक्षरात एक ओळ होती : "बालवाङ्मयात भाषेचे संस्कार सर्वप्रथम, असे माझे नम्र मत आहे."

अकरा वर्षांच्या मुलीचं नम्र मत. बाई खुदकन हसल्या. मग हसू अर्ध्यावर राहिलं. वाक्याची ही ठेवण त्यांनी कुठेतरी ऐकली होती. कपाटातून प्रवेशअर्जांचा गठ्ठा काढून त्यांनी टाचणीचा अर्ज शोधला. पालकाच्या सहीच्या जागी आजोबांनी सही केली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे ओढून पूर्ण नावाखालून चाबकासारखी फिरवलेली.

ही सही बाईंकडे घरीही होती. बटणांच्या डब्यात, तळाला, बावीस वर्षं.

बावीस वर्षांपूर्वी बाई एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. मापं लिहायच्या चिठ्ठ्या मागून कोऱ्या असत. त्या मागच्या बाजूंवर त्यांनी आपली पहिली गोष्ट लिहिली. शिवून तयार झालेल्या, पण न्यायला कुणीच न आलेल्या एका सदऱ्याची. एकवीस चिठ्ठ्या दोऱ्याने ओवून त्यांनी मुलांच्या एका मासिकाला दिल्या. त्या मासिकाचे संपादक म्हणजे त्या काळी मोठं प्रस्थ. ते नव्या लिहिणाऱ्यांची बैठक घेत, नाव न सांगता एकेकाचं लेखन वाचून दाखवत आणि त्यावर बोलत. त्या दिवशी चाळीसेक माणसं होती. बाई तिसऱ्या रांगेत, मांडीवर हात घट्ट धरून.

संपादकांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, उलटा धरला आणि खणखणीत आवाजात वाचला. "छाती बत्तीस. कंबर अठ्ठावीस. बाही आखूड." लोक हसले. मग सुलटा करून गोष्टीतल्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाले, "मागची बाजू अधिक वाचनीय आहे. शिवणाऱ्याने शिवावं." लोक आणखी हसले. बाईही हसल्या, कारण न हसणारी एकटीच दिसली असती तर गठ्ठा कुणाचा ते सगळ्यांना कळलं असतं. त्या हसण्याचा राग त्यांना सगळ्यात जास्त आला. पण स्वतःवर सूड उगवता येत नाही. तोही राग मग संपादकांच्याच वाट्याला गेला. आठवड्याने गठ्ठा परत आला, सोबत छापील नकाराची चिठ्ठी आणि खाली ती चाबकाची सही.

त्यानंतर बाईंनी चौदा पुस्तकं लिहिली. कुणी विचारलं की प्रेरणा कोणाची, तर त्या आईचं नाव सांगायच्या. खोटं सांगायच्या.

तर आता ते संपादक निवृत्त होऊन घरी बसले होते, मुलगा-सून कामावर जात होते, आणि दुपारभर त्यांच्या हाताशी एक नात आणि एक वही होती. सुधारल्याशिवाय राहवत नाही अशी त्यांची जात. मासिक गेलं, पण खोड गेली नाही. बाईंना त्यांचं लिहिणं हातात मिळालं होतं, रोज, न मागता, वर मत द्यायचा पूर्ण अधिकार. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. त्यांनी शाईचं पेन काढलं आणि डाव्या पानावर लिहिलं, "सूर्य उगवल्याशिवाय या लेखकाला गोष्ट सुरू करता येत नाही का? तो उगवेपर्यंत वाचक झोपतो."

चौथ्या दिवशी गोष्ट आली, तिच्यात सूर्य मावळत होता. बाईंनी लिहिलं, "उगवू नका म्हटलं तर मावळलात. त्याला सुट्टी द्या." पाचव्या दिवशी उत्तर, की सूर्य हे आशेचं प्रतीक आहे. बाईंनी लिहिलं, "मुलांना प्रतीक नको असतं. पुढे काय झालं ते हवं असतं, आणि इथे पुढे काहीच होत नाही." सहाव्या दिवशी उत्तर अर्धं पान भरून. बाईंना सकाळी जाग लवकर यायला लागली. घरून निघताना त्या गुणगुणत, जिने चढताना दोन-दोन पायऱ्या घेत, आणि वीस वह्यांतली ती एक शेवटी वाचायला राखून ठेवत, ताटातला गोड घास राखावा तशी.

त्यांचा आणखी एक नेम होता. तासाच्या शेवटी वह्यांतल्या तीन गोष्टींच्या सुरुवाती त्या नाव न सांगता मोठ्याने वाचत आणि मुलं सांगत, पुढे ऐकावंसं वाटतं की नाही. पाचव्या दिवशी त्यांनी टाचणीच्या वहीतली ती पहिली, उद्वाहनाची गोष्ट वाचली. मुद्दाम, सावकाश, पक्षिगणांवर जरा थांबून. मुलांनी दात काढले. नाव कुणी सांगितलं नव्हतं, पण टाचणीचे कान लाल झाले आणि ते सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या दिवसापासून ती दारात आली की कुणीतरी म्हणायचं, "आला अरुणोदय." पहिल्या दिवशी जिचं तोंड मिटत नव्हतं, ती आता टेबलाच्या टोकाला बसून नखांच्या कडा सोलत बसू लागली. बाईंनी हे पाहिलं. न पाहिल्यासारखं करायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत, हे खरं सांगायला हवं. सातव्या दिवशी त्यांनी पुन्हा वाचलं.

खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई त्यांच्या जुन्या मैत्रीण, सगळी हकीकत जाणणाऱ्या. चहाच्या वेळी त्यांनी कप पुढे सरकवत विचारलं, की त्या बारक्या पोरीचं काय चाललंय, काल पुस्तक न घेताच गेली. बाईंनी मोठ्या कौतुकाने वही दाखवली. ग्रंथपालबाईंनी चष्मा लावून डावं पान वाचलं, उजवं वाचलं आणि वही मिटली.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुझं."

"पखालीला काय होतंय? पखाल नुसती नेते-आणते."

"आणि फाटली म्हणजे?"

बाई म्हणाल्या की पाचच दिवस राहिलेत. ग्रंथपालबाई म्हणाल्या की फाटायला तेवढे लागत नाहीत.

नवव्या दिवशी बाईंना वाटलं, आता म्हाताऱ्याला कळू द्यावं कोण मारतंय ते. नुसतं मारून काय उपयोग? त्यांनी डाव्या पानावर एकच ओळ लिहिली, जाड, दोनदा गिरवून : "संपादन करणाऱ्याने संपादन करावं."

दहाव्या दिवशी बाईंनी ती वही सगळ्यांत आधी उघडली. उजव्या पानावर गोष्ट नव्हती. गोल अक्षरही नव्हतं. बारीक, तिरकं, म्हातारपणाने किंचित थरथरलेलं अक्षर होतं. "मापाच्या चिठ्ठ्यांवर लिहिणाऱ्या त्या आपणच काय? मला चांगलं आठवतं. त्या गोष्टीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. समारोपाला येतो." आणि खाली चाबूक.

विसरला असता तर बाईंनी कदाचित सोडलं असतं. आठवत होतं, आणि तरी मत तेच होतं. त्या दिवशी त्यांनी मुलांना काय शिकवलं ते त्यांना सांगता आलं नसतं. डोक्यात एकच चाललं होतं. समारोपाला आई-बाप येतात, प्रत्येक मूल आपली गोष्ट वाचतं आणि प्रत्येकानंतर बाई दोन वाक्यं बोलतात. दोनच. बाईंनी ती दोन वाक्यं कागदावर लिहून, चार वेळा घासूनपुसून, पर्समध्ये ठेवली. पहिलं : ही गोष्ट या मुलीने लिहिलेली नाही, पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आजोबांनी लिहिली आहे. दुसरं : आणि त्यांना ती लिहिता आलेली नाही. भरल्या सभेत, माइकवर, खणखणीत. त्या सगळ्याच्या मधोमध टाचणी उभी असणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मनातल्या मनात तिला जरा बाजूला सरकवलं.

अकराव्या दिवशी सगळे गेल्यावर टाचणी मागे रेंगाळली. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत.

"बाई, तुम्ही माझ्या वहीत कुणाला लिहिता?"

"तुला. दुसऱ्या कुणाला लिहिणार?"

"सगळ्यांना पेन्सिलीने लिहिता. मला पेनाने. माझं खोडता येत नाही."

बाईंनी टेबलावरचे कागद नीट केले. ते आधीच नीट होते.

"आजोबा जेवताना वही ताटाशेजारी ठेवतात," टाचणी म्हणाली. "आई ओरडते, डाग पडतील. ते म्हणतात, पडू दे, ही बाई हट्टी आहे. मग स्वतःशीच हसतात. गोळी घ्यायची विसरतात."

हसतात, हे बाईंना झोंबलं. त्यांनी विचारलं, मग तू काय करतेस? टाचणी म्हणाली, मी उतरवून काढते. चांगल्या अक्षरात. आणि उद्या काय वाचू, असंही तिने विचारलं. इथे बाईंना वाट होती. वाक्यं पर्समध्येच राहू देता आली असती, पोरीला म्हणता आलं असतं की तुझी ती लिफ्ट सांग, जशी पहिल्या दिवशी सांगितलीस तशी.

"आजोबांनी शेवटची केलेली गोष्ट आहे ना, तीच वाच," बाई म्हणाल्या.

"बरं," टाचणी म्हणाली. इतक्या पटकन ती कधी कुणाचं ऐकत नसे.

समारोपाला खुर्च्या कमी पडल्या, लोक कपाटांना टेकून उभे राहिले. संपादक पहिल्या रांगेत होते. बावीस वर्षं बाईंच्या डोक्यात तो माणूस धिप्पाड होता; हा तर खुर्चीत बुडालेला, कडक इस्त्रीच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल. खिशाला पेन मात्र होतं. त्यांनी बाईंकडे पाहून मान किंचित हलवली, कुस्तीआधी हात मिळवावा तशी. बाईंनीही हलवली. पर्स त्यांच्या मांडीवर होती.

टाचणी सातवी आली. माइक तिच्या उंचीला आणेपर्यंत थांबली, मग वहीतून एक घडी घातलेला सुटा कागद काढला.

"गोष्टीचं नाव, दे इकडे," ती म्हणाली. आजोबांची मान वर झाली. ही गोष्ट त्यांची नव्हती.

"एक आजोबा होते. ते रोज दुपारी म्हणायचे, दे इकडे. एक बाई होत्या. त्या रोज सकाळी म्हणायच्या, दे इकडे. मी देत होते. वही माझी होती, पण तिच्यात मी फक्त तारीख लिहायचे. तारखेत कुणी चूक काढली नाही."

लोक हसले. टाचणी थांबली नाही.

"आजोबांना गोष्टीच्या आधी सूर्य लागायचा. बाईंना सूर्य चालायचा नाही. खरं तर बाईंना सूर्याचं काही नव्हतं, त्यांना आजोबा हवे होते. पण आजोबा कार्यशाळेत बसत नाहीत, ते मोठे आहेत. म्हणून बाईंनी मला बसवलं. बाई वाचून दाखवायच्या तेव्हा सगळे मला हसायचे. घरी आजोबा विचारायचे, काय म्हणाले सगळे? मी सांगायचे, आवडलं. मग आजोबा आणखी लिहायचे. चूक माझीच होती. पण नाही आवडलं म्हणाले असते तर त्यांनी त्याहून जास्त लिहिलं असतं."

सभागृह आता उघडपणे हसत होतं, कपाटांना टेकलेले लोकसुद्धा. टाचणीची आई तोंडावर हात धरून होती. हसत होती की काय ते कळत नव्हतं. न हसणारी माणसं तिथे दोनच होती आणि ती एकमेकांकडे पाहत होती.

"मग ते दोघं भांडायला लागले. कसलं तरी जुनं भांडण आहे, मापाचं. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण वही वाचताना बाईंचे डोळे सुईत दोरा ओवताना करतात तसे बारीक झाले होते. भांडायला दोघांना एक वही लागत होती आणि ती माझी होती. दोघांचंही अक्षर छान आहे. दोघांनाही माझी गोष्ट आठवत नाही. माझी आणखी एक वही आहे. ती कुठे ठेवली आहे ते मी दोघांनाही सांगणार नाही. संपली."

टाळ्या पडल्या, मुलांच्या सगळ्यात जोरात. टाचणीने कागदाची घडी घातली. ती आजोबांकडे गेली नाही, बाईंकडेही नाही. खिडकीशी जाऊन मुलांमध्ये बसली आणि तिथे कुणीतरी तिला सरकून जागा दिली.

माइक बाईंच्या हातात आला. दोन वाक्यं बोलायची होती. पर्समधली दोन्ही आता कवडीमोल होती. पोरीने त्यांच्याआधी आणि त्यांच्यापेक्षा सरस काम केलं होतं, आणि वर त्यांनाही त्यात घेतलं होतं. चेहरा तापलेला त्यांना जाणवत होता. लोक अजून हसरे, बाईंकडे पाहणारे. इतक्या लोकांसमोर आपण पुन्हा एकदा असे सापडलो, आणि या वेळी आपल्याच करणीने, हे त्यांना पुरतं कळलं.

"हिने सांगितलं ते सगळं खरं आहे आणि मी ते केलं, याची मला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "या गोष्टीत सुधारण्यासारखं काहीही नाही."

खुर्ची करकरली. संपादक उठत होते, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा खिशातल्या पेनाकडे. त्यांचे डोळे ओले होते की म्हातारपणाने तसेच असत, बाईंना सांगता आलं नसतं. पण आवाज जुनाच होता.

"एक बारीकशी सूचना. शेवट जरा—"

"बसा," बाई म्हणाल्या.

माइक हातात होता, त्यामुळे ते मागच्या कपाटापर्यंत गेलं. म्हातारा क्षणभर अर्धवट उभा राहिला, त्याने मागच्या लोकांकडे, मग खिडकीशी बसलेल्या नातीकडे पाहिलं आणि तो खुर्चीत बसला. कॉलरमधली मान खाली गेली. बाईंनी ते डोळे भरून पाहून घेतलं. लाज वाटत होतीच. गोडही लागत होतं. दोन्ही एकाच घासात येतात हे त्यांच्या चौदापैकी एकाही पुस्तकात नव्हतं.

आठवा मुलगा केव्हाचा बाईंशेजारी येऊन उभा होता. त्याच्या गोष्टीत एक हत्ती होता, आणि त्या हत्तीला गाडी पकडायची होती.